नियमपुस्तिकेची सही कोणाला बांधते?

प्रश्न : भोसरीत माझा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे, 35 कामगार आहेत. एका सल्लागारांनी 60 पानांची इंग्रजी नियमपुस्तिका तयार करून दिली आहे. सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या की कंपनी सुरक्षित, असे ते म्हणतात. माझा वकील मित्र म्हणतो, लेखी काही देऊच नका, उद्या तेच अंगावर येईल. कोणाचे ऐकावे?
– एक उद्योजक, भोसरी

उत्तर : तुमच्या कारखान्यावर स्थायी आदेशांचे बंधन नाही. महाराष्ट्रात त्यासाठी पूर्वी 50 कामगारांची मर्यादा होती, औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये ती 300 आहे. तेव्हा पुस्तिका काढायची की नाही, हे तुमच्या हातात आहे. माझे मत विचाराल तर जरूर काढा, पण ही काढू नका. कायद्याशी विसंगत नियम कामगाराच्या सहीने कायदेशीर होत नाही, आणि जो नियम कायदेशीर आहे तो कामगाराइतकाच मालकालाही पाळावा लागतो. सल्लागारांच्या हिशेबात या दोन्ही गोष्टी सुटल्या आहेत.

तयार पुस्तिकांत हमखास आढळणारा एक नियम घ्या : तीन लेट मार्कना अर्ध्या दिवसाचा पगार कापणे. वेतन प्रदान अधिनियम, 1936 असो की नंतरची वेतन संहिता, 2019, गैरहजेरीपोटी होणारी कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच असावी लागते. दहा मिनिटांचा उशीर तीनदा झाला तर अर्ध्या तासाचे वेतन कापता येईल, चार तासांचे नाही. ही कपात नसून दंड आहे, असे म्हणावे तर दंड सरकारने मंजूर केलेल्या कारणांसाठीच, कामगाराचे म्हणणे ऐकून घेऊन आणि वेतनाच्या 3 टक्क्यांपर्यंतच आकारता येतो. ही प्रथा तोंडी चालली असती तर ती सिद्ध करायला कामगाराला साक्षीदार शोधावे लागले असते. तुम्ही ती स्वतःच छापून, शिक्का मारून त्याच्या हाती द्याल. नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धकाकडे जायचे नाही, हे कलमही असेच. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 पुढे ते टिकत नाही.

कायदेशीर नियमांचा धोका वेगळा आहे, आणि माझ्या मते तोच मोठा. गैरवर्तनाबद्दल आधी लेखी ताकीद, मग कारणे दाखवा नोटीस, मग चौकशी, असा क्रम पुस्तिकेत असेल आणि रागाच्या भरात एखाद्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवले, तर कामगार न्यायालयात पहिला प्रश्न हाच येईल, की स्वतःचा नियम स्वतःच का मोडला? ‘कंपनी कधीही बदल करू शकते’ या ओळीचा आधारही तोकडा आहे. वेतन, कामाचे तास, पगारी रजा अशा सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या तर औद्योगिक विवाद अधिनियमाने 21 दिवसांची नोटीस सांगितली होती, नव्या संहितेनेही ती कायम ठेवली आहे.

मग तुमच्या मित्राचेच खरे, असे वाटेल. पण कागद नसला म्हणून जबाबदारी टळत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावीच लागते, ती नसेल तर 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. समितीत कोण आहे आणि तक्रार कुठे करायची, हे लेखी असले तरच तिथे काम करणाऱ्या बाईला त्याचा उपयोग. रजेचेही तसेच. नियम लिहिलेला नसेल तर सुपरवायझरची मर्जी हाच नियम होतो, आणि एकाला दिलेली सवलत दुसऱ्याला नाकारली की भेदभावाचा आरोप खोडायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

म्हणून 60 पाने बाजूला ठेवा. कामाची वेळ, रजा, पगाराचा दिवस, सुरक्षितता, तक्रार आणि शिस्तीची कार्यपद्धती एवढेच, तुमच्या कारखान्यात जसे पाळता येईल तसे, मराठीत लिहा. मराठी न येणारे कामगार असतील तर हिंदी प्रतही काढा. न वाचता येणाऱ्या इंग्रजी मजकुराखाली घेतलेल्या सहीवर न्यायालयात फार विसंबता येत नाही. मसुदा त्या वकील मित्राला दाखवा, आणि छापण्यापूर्वी सुपरवायझरला प्रत्येक नियमापुढे विचारा : हा आपण गेल्या वर्षी पाळला का?