माल दिसावा, मोल कळावे : दुकानातील काचेच्या कपाटाची रचना

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ, जुन्या पुणे-मुंबई मार्गावर वसलेली दापोडी ही प्रामुख्याने कामगारांची वस्ती होय. राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहे. लोहमार्गावरील स्थानक जुनेच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोचे स्थानकही सुरू झाले. स्थानकातून घरी निघालेला कामगार दुकानासमोरून जातो तो काही पावलांपुरताच. तेवढ्या वेळात त्याच्या दृष्टीस जे पडेल तेच विकले जाण्याचा संभव असतो. या वस्तीतील लहान दुकानदार असो, अथवा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या पवनाथडी जत्रेत मसाले व पापड मांडणारा महिला बचत गट असो, दोघांनाही काचेचे कपाट हवेसे वाटते. मात्र बेताच्या भांडवलातून घेतलेले हे कपाट चुकीचे निघाले, तर पैसा काचेत अडकतो आणि मालासाठी हात आखडता घ्यावा लागतो. म्हणूनच कपाट करण्यापूर्वी त्याचा विचार करणे अगत्याचे ठरते.

बरणीपासून कपाटापर्यंत

पूर्वीच्या पेढीवर दुकानदार गादीवर बसे आणि ग्राहकाने मागितलेला माल आतून काढून दाखवी. काय आहे, केवढ्याला आहे, हे विचारल्याखेरीज कळत नसे. काचेच्या बरणीने हा पडदा प्रथम दूर केला. याच लोहमार्गावरील तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरून एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली व लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. लोकांच्या पैशातून देशी काचधंद्याचे शिक्षण देणारी ही संस्था उभी राहिली, ही गोष्ट या परिसराला भूषणावह आहे.

आज काच सर्वत्र मिळते. तिचा उपयोग कशासाठी करावयाचा, हा प्रश्न मात्र कायम आहे. कपाटाचे काम दुकान सजवणे एवढेच नव्हे. माल, त्याची किंमत आणि त्याची मुदत ग्राहकाला न विचारता दिसावी, हे त्याचे खरे काम होय.

प्रथम मालाचे माप

पुष्कळदा आधी कपाट आणले जाते व नंतर त्यात माल बसवला जातो. क्रम याच्या उलट असावा. समजा, एका गटाला मसाल्याच्या बरण्या ठेवावयाच्या आहेत. बरणीची रुंदी ९ सेंटिमीटर, उंची १५ सेंटिमीटर आणि भरलेले वजन ८०० ग्रॅम आहे. दोन बरण्यांत एक सेंटिमीटर अंतर सोडल्यास ९० सेंटिमीटर लांबीच्या फळीवर एका रांगेत नऊ बरण्या बसतात. दोन रांगांत अठरा. म्हणजे फळीवर सुमारे साडेचौदा किलो भार येतो. बरणी उचलताना हात सहज जावा म्हणून वर आठ सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर दोन फळ्यांमधील अंतर २३ सेंटिमीटर होते.

आता ग्राहकाचे माप. उभ्या माणसाच्या कमरेपासून डोळ्यांपर्यंतचा पट्टा, म्हणजे जमिनीपासून सुमारे ७५ ते १५० सेंटिमीटर, ही सर्वांत मोलाची जागा होय. वरील हिशेबाने या पट्ट्यात तीन फळ्या व चौपन्न बरण्या येतात. गटाचा रोजचा खप दहा बरण्यांचा असेल, तर याहून मोठे कपाट घेण्याचे कारण उरत नाही. या पट्ट्याच्या खाली शिल्लक मालासाठी बंद कप्पे करावेत. मुलांच्या वस्तू मात्र खालच्या अंगाला, त्यांना दिसतील अशा ठेवाव्यात.

फळी का वाकते?

महिन्या-दोन महिन्यांत फळी मध्यभागी वाकते, अशी तक्रार नेहमीची आहे. तिचे कारण साध्या गणितात आहे. फळीवर भार सारखा पसरलेला असेल, तर दोन आधारांतील अंतर दुप्पट केल्यावर बाक दुप्पट होत नाही. तो सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर बाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणून ९० सेंटिमीटरच्या फळीला मध्यभागी एक आधार दिला, तर अल्प खर्चात मोठे काम साधते. जाड फळीच्या खर्चापेक्षा हा उपाय बहुधा स्वस्त पडतो.

साहित्य निवडण्याची दृष्टी दापोडीच्या कार्यशाळेकडून घेता येईल. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावलेली एस.टी.ची पहिली गाडी लाकडी बांधणीची होती. पुढे अॅल्युमिनियमची बांधणी रूढ झाली आणि अलीकडच्या काळात मजबुतीसाठी पोलादी सांगाडा स्वीकारण्यात आला. कामाची गरज बदलली तसे साहित्य बदलले. कपाटाचेही तसेच आहे. एका जागी राहणाऱ्या कपाटाला लाकूड किंवा प्लायवूड चालते. जत्रेत नेण्या-आणण्याच्या कपाटाला हलकी अॅल्युमिनियमची चौकट बरी. गाडीच्या खिडकीची काच रबरी पट्टीत बसवलेली असते. धातूच्या कडेवर ती थेट टेकवीत नाहीत. कपाटातही हाच नियम पाळावा, म्हणजे हादऱ्याने काच तडकत नाही.

जेथे ग्राहक कोपर टेकतो किंवा मूल हात ठेवते, तेथे ‘टफन्ड’ काच वापरावी. ती फुटली तरी तिचे धारदार सुळके न होता बोथट तुकडे होतात. अशी काच तयार झाल्यावर कापता येत नाही. म्हणून मापे आधीच नक्की करावीत. साध्या काचेच्या कडा घासून घ्याव्यात.

उजेड आणि ऊन

काचेत मालाऐवजी रस्ताच दिसू लागला, तर कपाट व्यर्थ होय. आतील उजेड बाहेरच्यापेक्षा कमी पडला की असे घडते. दिवा कपाटाच्या आत, पुढील वरच्या कडेमागे लपवून बसवावा व त्याचा झोत मालावर पडावा. दर्शनी काचेची वरची कड ग्राहकाकडे किंचित झुकती ठेवल्यास प्रतिबिंब रस्त्याचे न पडता जमिनीचे पडते व माल स्पष्ट दिसतो. एलईडी दिव्याची उष्णता जुन्या तारेच्या दिव्यापेक्षा बरीच कमी असते. त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी तोच योग्य.

थेट उन्हात हळद व मिरचीपूड यांचा रंग उडतो आणि तळलेले जिन्नस लवकर खवट होतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात उन्हाच्या बाजूस केवळ नमुना ठेवावा, विक्रीचा माल सावलीत असावा.

आणखी एक बारीक गोष्ट. विक्रेता कपाट मागून उघडतो, नवा माल मागे ठेवतो आणि हाताशी असलेला तोच आधी देतो. परिणामी जुना माल काचेजवळ, उजेडात, तसाच पडून राहतो. प्रत्येक भरणीच्या वेळी जुना माल विक्रेत्याच्या हाताशी व नवा काचेकडे, अशी अदलाबदल करण्याची शिस्त लावून घ्यावी. यासाठी फळ्या फार खोल नसाव्यात.

ग्राहकाचा हक्क

वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि सर्व करांसह किरकोळ किंमत छापावी लागते. ही बाजू ग्राहकाकडे असावी. सुट्या मिठाईच्या ताटाजवळ ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास उत्तम आहे, हे दर्शवण्याचे निर्देश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून लागू केले. रास्त भाव दुकानांसाठीही धान्याचे नमुने दर्शनी ठेवण्याची तरतूद २००१ च्या नियंत्रण आदेशात करण्यात आली होती. काचेआडच्या नमुन्यातील धान्य आणि पिशवीत पडणारे धान्य एकच आहे ना, हे शिधापत्रिकाधारकाला पडताळून पाहता यावे, हा त्यामागील अर्थ आहे.

पुठ्ठ्यापासून सुरुवात

कपाट करण्यापूर्वी पुठ्ठ्याची पूर्ण मापाची प्रतिकृती उभी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग होय. त्यात प्रत्यक्ष माल मांडावा, रस्त्यावरून चालत येऊन पाहावे, कमी उंचीच्या व्यक्तीला आणि चाकाच्या खुर्चीतील ग्राहकाला काय दिसते ते तपासावे. शाळांतून कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी हा उपक्रम घेतल्यास मोजमाप, भूमिती आणि व्यवहार यांचा एकत्र पाठ मिळेल. शाळेच्या वस्तुभांडाराला एक उपयुक्त कपाटही लाभेल.

खर्चाचा हिशेब तितकाच सरळ आहे. कपाटाला १२,००० रुपये लागले आणि त्यामुळे वाढलेल्या विक्रीतून महिन्याला १,००० रुपये निव्वळ सुटले, तर भांडवल वर्षभरात मोकळे होते. एवढी वाढ संभवत नसेल, तर स्वच्छ बरण्या, एक भक्कम फळी व ठळक किंमतपट्टी पुरेशी आहे. बाजारगाळे बांधणाऱ्या ग्रामपंचायतींनी आणि बचत गटांची प्रदर्शने भरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही मापे आधीच विचारात घेतली, तर गटांच्या कष्टाचा पैसा शोभेत न अडकता मालात राहील.