छावणीचे नगर : उल्हासनगर

गावाचा इतिहास शिकविताना प्रारंभ बहुधा ग्रामदैवत, जुना वाडा किंवा नदीचा घाट यांपासून केला जातो. ज्या नगराच्या आरंभी यांपैकी काहीच नव्हते, त्याचा पाठ कसा घ्यावा, हे ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगराच्या उदाहरणाने चांगले समजते.

आगगाडी १८५४ साली कल्याणला पोहोचली. पुढे तेथून लोहमार्गास दोन फाटे फुटले; एक कसाऱ्याकडे गेला, दुसरा कर्जतकडे. या बेचक्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळी लष्करी छावणी उभी राहिली. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या.

यानंतरचा भाग फळ्यावर नकाशा काढूनच शिकवावा. १९४७ च्या फाळणीत पंजाब व बंगाल यांचे विभाजन झाले. सिंध मात्र सबंध पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासितास पूर्व पंजाब तरी उरला. सिंधी माणसास आपल्या भाषेचा एक जिल्हाही या बाजूस राहिला नाही. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंग्यानंतर स्थलांतर वाढले आणि पुष्कळ कुटुंबे बोटीने मुंबईस उतरली. कल्याणच्या रिकाम्या छावणीत सुमारे एक लाख माणसांची सोय करण्यात आली. सोय म्हणजे काय, तर एकेका लांबट बराकीत आडपडदे लावून अनेक संसार! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली व उल्हास नदीवरून वसाहतीस नाव मिळाले.

येथे आलेल्यांजवळ शेत नव्हते. पापड, लोणची असे घरगुती धंदे व फिरता व्यापार यांपासून आरंभ झाला. पुढे लाकडी सामान आणि तयार कपडे यांकरिता नगर प्रसिद्धीस आले. सिंधी भाषेस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९६७ साली स्थान मिळाले.

दोषही झाकू नयेत. अवघ्या तेरा चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांवर लोक राहत होते. अनधिकृत इमारती इतक्या झाल्या की, त्या नियमित करण्यासाठी २००६ साली शासनास या एका शहरापुरता कायदा करावा लागला. वालधुनी नदी कारखान्यांच्या सांडपाण्याने नासली.

आज उल्हासनगर महानगरपालिका आहे. तरी तेथील रहिवासी पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असेच म्हणतो. जुना वाडा नसला तरी इतिहास असा नावात टिकतो. विद्यार्थ्यांकडून आपल्या गावातील पाडा, पेठ, नाका, बंदर अशा नावांची यादी करवून घ्यावी. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची पुनर्वसित गावठाणे ठाणे-रायगड भागातही आहेत. असे गाव जवळ असल्यास मुलांनी वडीलधाऱ्यांकडे जाऊन, येताना त्यांनी बरोबर काय आणले, एवढाच प्रश्न विचारावा. कोणी बोलण्यास नाखूश दिसल्यास आग्रह धरू नये.