पडून असलेले तेल इंजिन पुन्हा कामास लावणे

संग्रामपूर तालुका उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेला असून दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात उतरत जातो. सोनाळा, टुनकी ह्या पायथ्याकडील भागात विहिरींचे पाणी खोल असले तरी गोडे असते. दक्षिणेकडे जावे तसतसा खारपाण पट्टा लागतो. तेथे विहिरीला पाणी असूनही ते पिकाला देता येत नाही. शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणी हाच तेथील शेतकऱ्याचा भरवसा होय. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुरुवातीस हे पाणी एकदा मिळाले, तर पीक हाती लागते. परंतु शेततळ्याजवळ विजेचा खांब बहुधा नसतो, आणि जेथे असतो तेथेही वीज ठराविक तासच मिळते.

अशा वेळी गोठ्याच्या कोपऱ्यात वडिलांच्या वा आजोबांच्या काळातील एक तेल इंजिन गंजत पडलेले असते. भंगारवाला ते वजनावर मागतो. ते विकावे की दुरुस्त करावे, हा प्रश्न भावनेने सोडवू नये. तसाच तो घाईनेही सोडवू नये. प्रस्तुत पाठात अशा इंजिनाची पारख, दुरुस्ती व पुन्हा सुरुवात कशी करावी ह्याची माहिती दिली आहे. इंजिन ज्या कारणाने बंद पडले ते कारण शोधल्याशिवाय त्यात नवा भाग घालू नये, हे ह्या पाठाचे मुख्य सूत्र आहे.

इंजिनाची ओळख

रुडॉल्फ डिझेल ह्यांचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. पुढे इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कंपनीचे मंदगती, उभ्या सिलिंडरचे व दोन जड चाकांचे इंजिन शेतीच्या कामात जगभर प्रसिद्ध झाले. त्याच्या धर्तीवर राजकोट येथे अनेक कारखान्यांनी इंजिने बनविली. महाराष्ट्रात १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीने शेतीच्या अवजारांची परंपरा घातली होती. १९४६ साली पुणे येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. खेड्यांत वीज पोचण्यापूर्वी विहिरीवरील मोट सुटली ती पुष्कळ ठिकाणी ह्या इंजिनांमुळेच. त्याच इंजिनावर पट्टा चढवून पिठाची गिरणी व कडबा कापण्याचे यंत्रही चालविले जाई.

लिस्टर पद्धतीच्या एक सिलिंडरच्या इंजिनाचा सिलिंडर साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर व्यासाचा असतो. ते मिनिटाला ६५० फेरे घेते व सुमारे ६ अश्वशक्ती देते. मंद गती व जाड ओतीव लोखंड ह्यांमुळे अशी इंजिने दीर्घकाळ टिकतात, आणि नेमक्या ह्याच कारणामुळे ती दुरुस्त करण्याजोगी असतात.

प्रथम पारख, मग खर्च

इंजिन खोलण्यापूर्वी पुढील तीन भाग तपासावेत. हे निकामी असतील तर इंजिनावर खर्च करणे परवडणारे नाही.

(१) सांगाडा : बेअरिंग बसण्याच्या जागी वा पायाच्या बोल्टांजवळ तडा आहे काय ते पाहावे. भाग स्वच्छ पुसून त्यावर पातळ तेल लावावे, काही वेळाने ते कोरडे पुसून खडूची पूड चोळावी. तडा असल्यास आत मुरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते.

(२) चाके : चाकाच्या आऱ्यांची व तुंब्याची हीच कसोटी घ्यावी. दोन फूट व्यासाचे चाक मिनिटाला ६५० फेरे घेते, तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर असतो. वेग दुप्पट झाला तर चाक फोडू पाहणारे बल चौपट होते. तडकलेले चाक वेल्डिंग करून कधीही वापरू नये.

(३) क्रँकशाफ्ट : तो वाकलेला वा खोल ओरखडलेला नसावा. थोडी झीज असल्यास तो घासून घेता येतो.

हे तीन भाग चांगले असतील, तर पिस्टन, रिंगा, लायनर, बुश, वाल्व, नोझल इत्यादी बाकीचे बहुतेक भाग बदलता येतात. लिस्टर पद्धतीच्या इंजिनांचे सुटे भाग आजही मिळतात.

उचलणे व खोलणे

अशा इंजिनाचे वजन सामान्यतः ३ क्विंटलांहून अधिक असते. चार माणसांनी हाताने उचलण्याचा प्रयत्न करू नये. तिकटे व साखळीची कप्पी वापरावी, आणि टांगलेल्या इंजिनाखाली हात वा पाय घालू नये. चाक काढताना प्रथम चावी सोडवावी. चाक सुटून एकदम अंगावर येते, म्हणून त्याखाली लाकडी ठोकळे आधीच रचून ठेवावेत.

पिस्टन जाम असल्यास घणाने ठोकू नये. नोझल काढून त्या भोकातून डिझेल व पातळ तेल समभाग मिसळून ओतावे आणि काही दिवस मुरू द्यावे. रोज चाक हलक्या हाताने मागेपुढे करून पाहावे. पिस्टन एक दिवसात सुटला नाही म्हणून घाई करणाऱ्याच्या हाती तुटलेला पिस्टन येतो.

खोललेला प्रत्येक भाग क्रमाने मांडावा, त्याला चिठ्ठी बांधावी व दातेरी चाकांच्या जुळणीच्या खुणा नीट पाहून ठेवाव्यात. जुन्या गॅस्केटमध्ये व धुराच्या नळीवरील वेष्टनात अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि जुन्या रंगात शिसे असते. दोहोंची धूळ फुप्फुसास व शरीरास अपायकारक आहे. म्हणून ते कोरडे खरवडू नये. ओले करून, तोंडास योग्य मुखपट्टी बांधून काढावे. ह्या कामाच्या वेळी मुले व गुरे जवळ असू नयेत.

इंजिन का पडले?

खोललेले इंजिन आपला इतिहास स्वतःच सांगते. तो वाचता आला पाहिजे.

सिलिंडरभोवतालच्या पाण्याच्या पोकळीत पांढरा कठीण थर आढळला, तर दोष पाण्याचा आहे. खारपाण पट्ट्यात हा दोष विशेष दिसून येतो. खाऱ्या पाण्यातील क्षार तापताच चिकटून बसतात व कवच तयार होते. कवचातून उष्णता फार सावकाश बाहेर पडते; बाहेरील टाकीचे पाणी कोमट असते, आणि आत मात्र लायनर तापून पिस्टन जाम होतो. शिवाय क्लोराइड क्षारांमुळे लोखंड आतून कुरतडले जाते. अशा इंजिनात नवा लायनर बसवून पुन्हा त्याच विहिरीचे पाणी घातले, तर तो खर्च वाया गेला असे समजावे. इंजिन थंड ठेवण्यासाठी पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. टाकीतील पाणी फिरून फिरून वापरले जाते, त्यामुळे एकदा भरलेल्या टाकीत आटेल तेवढीच भर घालावी लागते. गरम पाणी टाकीत परत आणणाऱ्या नळीचे तोंड नेहमी पाण्याखाली असावे, नाहीतर पाण्याचे फिरणे थांबते.

लायनरवर उभे ओरखडे असतील व हवेच्या गाळणीत माती असेल, तर दोष धुळीचा आहे. बेअरिंग निळसर पडले असेल, तर तेल कमी पडले आहे. वाल्व व पिस्टनच्या माथ्यावर काजळीचे जाड थर असतील, तर नोझल गळके आहे किंवा इंजिनावर शक्तीबाहेर भार टाकला गेला आहे.

आणखी एक कारण पायाचे होय. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ घातलेला पाया वर्षा-दोन वर्षांत कलतो, पट्टा उतरू लागतो आणि बेअरिंग एका बाजूस झिजते. पूर्णेच्या खोऱ्यात काळ्या मातीचा थर फार खोल असल्याने मुरुमापर्यंत पाया नेणे सहसा शक्य होत नाही. तेथे इंजिन व पंप एकाच मजबूत लोखंडी चौकटीवर किंवा गाड्यावर बसवावेत. चौकट हलली तरी दोघांची एकमेकांशी असलेली रेषा मोडत नाही.

मोजमाप

डोळ्याला गुळगुळीत दिसणारा लायनर झिजलेला असू शकतो. झीज वरच्या रिंगच्या जागी सर्वांत अधिक असते. म्हणून वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घ्यावे. आतील व्यास मोजण्याचे साधन नसेल, तर नवी रिंग लायनरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधील फट पात्यांच्या गेजने मोजावी. दर इंच व्यासास सुमारे ४ हजारांश इंच हे प्रमाण धरता साडेचार इंची सिलिंडरात ही फट सुमारे ०.४५ मिलिमीटर असावी. ती लायनरच्या वरच्या भागात खालच्यापेक्षा बरीच मोठी भरली, तर केवळ नव्या रिंगा घालून उपयोग नाही. लायनरच बदलला पाहिजे.

क्रँक घासणे, बुश बसवणे व लायनर दाबणे ही कामे घरी करू नयेत. ती अनुभवी लेथवाल्याकडून करून घ्यावीत. नोझल व फ्युएल पंप ह्यांची तपासणी त्यांच्या खास यंत्रावरच व्हावी. नोझलचा फवारा हातावर कधीही घेऊ नये. त्याचा दाब कातडी भेदून डिझेल शरीरात घालण्याइतका असतो, आणि अशी जखम लहान दिसली तरी तिच्यापायी बोट वा हात गमवावा लागतो. तसे घडल्यास वेळ न दवडता रुग्णालयात जावे.

जुळणी करताना प्रत्येक फिरत्या भागास स्वच्छ तेल लावावे. वाल्वची फट, फवाऱ्याची वेळ व पिस्टन-हेडमधील अंतर ही मापे त्या त्या इंजिनाच्या माहिती-पुस्तिकेप्रमाणेच ठेवावीत. चाकाच्या चाव्या घट्ट बसल्याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करावी.

पहिली सुरुवात

टाकीतील जुने डिझेल काढून टाकावे, गाळणी बदलावी व नळीतील हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढावी. वाल्व उचलून ठेवून इंजिन हाताने फिरवावे. प्रत्येक दुसऱ्या फेऱ्याला नोझलमधून ‘कर्र’ असा आवाज आला, म्हणजे डिझेल पोचले असे समजावे.

हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. उलट झटका बसला तर हँडल हातातून सुटून जाते आणि मनगट वाचते. धोतराचा सोगा, उपरणे, लुगड्याचा पदर व सैल बाह्या चाकाजवळ येऊ देऊ नयेत. इंजिन बंद खोलीत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो, व तो माणसाचा जीव घेतो.

आणखी एक धोका सर्वांनी समजून घेतला पाहिजे. झिजलेल्या रिंगांतून किंवा हवेच्या गाळणीतून वंगणतेल आत ओढले गेले, तर डिझेल बंद केले तरी इंजिन वेगाने धावतच राहते. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबून हवा बंद करावी. ती फळी सुरुवातीपूर्वीच हाताशी ठेवावी. चाकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

पहिल्यांदा १५ मिनिटे भाराविना चालवून थांबवावे, बेअरिंगे हाताला किती गरम लागतात ते पाहावे व बोल्ट आणि चाव्या पुन्हा तपासाव्यात. नंतर भार हळूहळू वाढवावा. पहिल्या २५ तासांनंतर वंगणतेल बदलावे.

पंपाशी जुळणी व खर्च

इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, हा गुणाकार पंपाचे फेरे गुणिले पंपाच्या पुलीचा व्यास ह्या गुणाकाराइतका असतो. इंजिन ६५० फेऱ्यांचे, त्याची पुली १२ इंची व पंपाची ६ इंची असेल, तर पंप १,३०० फेरे घेईल. पाणी वाढावे म्हणून इंजिनाचा वेग वाढवू नये, पुली बदलावी.

एका एकरास ५ सेंटीमीटर पाणी द्यावयाचे तर सुमारे २ लक्ष लिटर पाणी लागते. सेकंदाला १० लिटर देणारा पंप ते काम साडेपाच ते सहा तासांत करतो. तासाला सुमारे १ लिटर डिझेल धरले, तर एकरी ६ लिटरांच्या आसपास खर्च येतो. ह्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च मिळवून तो सौर पंप वा भाड्याच्या इंजिनाशी ताडून पाहावा. वर्षातून एकदोनच पाणी द्यावयाचे असून सांगाडा, चाके व क्रँक चांगले असतील, तर जुने इंजिन बहुधा उपयोगी ठरते. रोज पाणी उपसावयाचे असेल, तर इतर साधनांचा विचार करणे हिताचे होय.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आपल्या गावांतील बंद इंजिनांची यादी पावसाळा संपण्यापूर्वीच करावी. प्रत्येकापुढे बंद पडण्याचे कारण, थंडाव्यासाठी वापरलेले पाणी व पायाची स्थिती लिहावी. यादी पाहता एकच कारण अनेक ठिकाणी दिसेल, व त्यावर सर्वांना एकत्र सल्ला देता येईल. हरभरा फुलावर आला असता इंजिन खोलण्यात अर्थ नाही. तो हंगाम तळ्यातील पाण्याकडे पाहण्यातच निघून जातो. दुरुस्ती दसऱ्यापूर्वी पुरी व्हावी, आणि यंत्रपूजेच्या दिवशी त्या इंजिनाला केवळ हळदकुंकू न लागता त्याच्या टाकीत गोडे पाणी व तेलपात्रात स्वच्छ तेलही असावे.