आधी उतरवायला शीक

नेरळ, मार्गशीर्ष वद्य दशमी

चि. बाळूस,


सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी घेऊन आलास, हे ताईनं फोनवर सांगितलं. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात शेकडो जनावरांतून पाय निकोप आणि डोळा शांत असलेली घोडी निवडणं सोपं नाही. तू ती निवडलीस, याचा मला आनंद आहे. पण याच आठवड्यात तिच्यावर माथेरानचं खोगीर चढवून, दुमची लावून तिला पर्यटकांसाठी दस्तुरीवर उभी करायचा तुझा बेत आहे, असंही ताई म्हणाली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोनवरचं बोलणं विसरायला होतं; हे तबेल्यात खिळ्याला अडकवून ठेव.

ती घोडी आजवर सपाट जमिनीवर, पाठीवर हलकी गादी घेऊन चाललेली आहे. लाकडी सांगाड्याच्या खोगिराचं ओझं, बरगड्यांवर आपटणाऱ्या रिकिबी, छातीवरचा पट्टा यांतलं काही तिच्या ओळखीचं नाही, आणि शेपटीखालून जाणारी दुमची तर मुळीच नाही. माथेरानच्या उतारावर खोगीर पुढे मानेकडे सरकतं, म्हणून दुमची लागते, हे तुला कळतं. तिला मात्र एवढंच कळणार की आपल्या मागे काहीतरी चिकटलं आहे आणि पळालं तरी सुटत नाही.

तेव्हा माझा उपदेश एकच आहे. घोड्यावर जे सामान चढवायचं असेल ते आधी उतरवायला शीक. केव्हा उतरवायचं आणि कोणत्या क्रमानं, हे हाताला पक्कं झालं की चढवणं आपोआप सुरक्षित होतं.

आधी ‘केव्हा’ ते सांगतो. घोडा शिकतो तो वस्तू लागल्याच्या क्षणी नव्हे, ती दूर झाल्याच्या क्षणी. तू खोगिराखालचा नमदा पाठीला लावलास, ती बिचकून बाजूला झाली आणि तू घाबरून नमदा मागे घेतलास, तर ती एवढंच शिकेल की बिचकलं की हे जातं. उद्या ती दुप्पट बिचकेल. म्हणून नमदा इतक्या दुरून दाखव की ती फक्त कान टवकारेल, पाय हलवणार नाही. तिथेच थांब. तिनं मान खाली सोडली, ओठ चाटले, फुरफुरून श्वास सोडला की लगेच नमदा दूर घे. मग पुन्हा, हातभर जवळून. शांत उभं राहिलं की नकोशी वस्तू जाते, हा हिशेब तिच्या डोक्यात बसला की निम्मं काम झालं. डोळ्याचं पांढरं दिसू लागलं, ओठ आवळले गेले, शेपूट पुठ्ठ्यात दाबली गेली किंवा श्वास रोखला गेला, तर तू घाईत आहेस असं समज. वस्तू जिथे आहे तिथेच धर, पुढे रेटू नकोस आणि ती किंचित सैल पडल्यावरच मागे घे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून प्रत्येक सामान डावीकडून दाखवलंस तसं उजवीकडूनही दाखव. एका बाजूनं मान्य केलेली वस्तू दुसऱ्या बाजूला दिसताच घोडा नव्यानं बुजतो, हे तू पाहशीलच. माशी बसली तरी त्याची कातडी थरथरते. एवढ्या नाजूक अंगावर खोगीर धपकन टाकायचं नाही. ते उचलून, थोडं पुढे ठेवून, केस बसतील त्या दिशेनं मागे सरकवायचं.

जागा बंदिस्त निवड. तारेचं कुंपण आणि सुटे दगड नकोत. पहिल्या दिवसांत तिला खांबाला करकचून बांधू नकोस. बांधलेला घोडा मागे ओढू लागला की मोरकी तरी तुटते, नाही तर मान दुखावते. दोरी जाणत्या माणसाच्या हातात दे, आणि त्यानं ती हाताला गुंडाळायची नाही. पुढे बांधायची वेळ येईल तेव्हा एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मार. दोघांनी घोडीच्या एकाच बाजूला उभं राहायचं, म्हणजे तिला बाजूला व्हायला मोकळी वाट राहते. पायात भक्कम बूट हवेत, चपला नकोत.

खोगीर पहिल्यांदा ठेवशील तेव्हा रिकिबी वर गुंडाळून बांध. पोटाखालचा तंग कोपरामागे चार बोटं जागा सोडून घे आणि एकेका भोकानं आवळ. दोन पावलं चालव, पुन्हा एक भोक. पुष्कळ घोडे तंग आवळताना पोट फुगवतात. चालल्यावर तंग सैल पडतो, म्हणून बसण्याआधी तो पुन्हा तपासायचाच. एकदम आवळलेला तंग घोड्याच्या कायम लक्षात राहतो, आणि मग दर सकाळी खोगीर दिसताच तो चावायला येतो. पण दयेपोटी तंग ढिला सोडून तिला फिरवूही नकोस. खोगीर पोटाखाली घसरलं आणि घोडी तशीच उधळली, तर पुन्हा ती कोणतंच खोगीर सुखानं घेणार नाही.

दुमचीसाठी वेगळे दिवस राखून ठेव. आधी रोज खराऱ्यानंतर तिच्या पुठ्ठ्याला खेटून, तोंड शेपटीकडे करून बाजूला उभा राहा आणि शेपटीच्या मुळावर, मग खाली हात फिरव. थेट मागे कधी उभं राहायचं नाही. दाबलेली शेपूट ढिली झाली की हात काढ. मग हाताऐवजी मऊ फडकं, त्यानंतर दुमची, आणि तीही नुसती हातात धरून. दुमचीचं कातडं तेल लावून मऊ केलेलं असू दे. वाळलेल्या घामानं कडक झालेलं कातडं तिथल्या पातळ कातडीला कापतं. लावताना शेपटीचा एकूण एक केस बाहेर काढ. आत अडकलेला एक केससुद्धा लाथ मारायला पुरतो. पट्टा आणि पुठ्ठा यांमध्ये आडवा हात सहज जायला हवा.

आता उतरवण्याचा क्रम. हा पाठ कर. चढवताना आधी खोगीर, मग तंग, त्यानंतर छातीचा पट्टा, शेवटी दुमची. उतरवताना आधी दुमची, मग छातीचा पट्टा, मग तंग, शेवटी खोगीर. तंग आधी सोडलास आणि दुमची अडकलेली राहिली, तर खोगीर एका बाजूला लोंबकळतं आणि घोडी त्याच्यापासून पळू लागते; पण ते तिच्या शेपटीलाच बांधलेलं असतं. माणसं आणि जनावरं अशाच वेळी मोडतात. तू हा क्रम आधी रिकाम्या लाकडी घोडीवर, अंधारातही हात चुकणार नाही इतका गिरव.

सगळं सामान तिनं उभ्यानं मानलं की तिला लांब दोरीवर, काव्यावर फिरव. आधी कदम चाल, मग दुडकी, डाव्या-उजव्या दोन्ही दिशांनी. रिकिबी आता सोड, म्हणजे त्यांचा आवाज आणि लागणं तिला कळेल. त्यानंतर हातात धरून छोट्या उतारावर ने. दुमची पहिल्यांदा खरी ओढते ती उतारावरच, आणि ती ओढ पाठीवर माणूस नसतानाच तिला कळली पाहिजे. मग जाणता स्वार, आणि पर्यटक सर्वांत शेवटी. आठवडा लागेल की दोन महिने, हे घोडी ठरवेल. रोजचा धंदा बुडतो हे मला ठाऊक आहे. कर्जाचा हप्ताही तुझ्या डोक्यात असेल. पण बुजलेल्या घोडीवरून एखादं पोर पडलं, तर त्या पोराचं जे होईल ते कुठल्याच हप्त्यानं भरून येणार नाही.

खोगीर उतरवल्यावर पाठ वाच. घामानं भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे बहुधा सांगाडा दाबतो आहे. तिथे पुढे पांढरे केस उगवतात. ते कातडीखालच्या जुन्या इजेची खूण असतात, आणि खरेदीदार तेच आधी बघतो. खोगीर शेवटच्या बरगडीमागे जाता कामा नये. त्यामागच्या कंबरेला बरगड्यांचा आधार नाही. ओझ्याचा जुना अंदाज घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाचा आहे. ३०० किलोच्या घोडीवर सामानासकट ६० किलो, आणि चढावर त्याहून कमीच बरं. जड माणसाला नम्रपणे नाही म्हणायला शीक.

सुमारे २३५० वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर पुस्तक लिहिलं. रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये, असं त्यात सांगितलेलं आहे. त्या काळी ना सांगाड्याचं खोगीर होतं, ना रिकीब. सामान किती बदललं, पण हा नियम बदलावा असं घोड्यानं आजवर काही केलेलं नाही. तुझ्या कपाळावर आठी चढली, की त्या दिवसापुरतं काम थांबव. मात्र थांबण्याआधी तिला जमणारी एक सोपी गोष्ट करून घे आणि ती शांत असतानाच सामान उतरव.

उद्या सकाळी खोगिराला हात लावू नकोस. फक्त नमदा घे, दोन्ही बाजूंनी दाखव, आणि तिनं मान खाली सोडली की दूर कर. संध्याकाळी ती कशी वागली, ते मला कळव. दुमची लावायच्या दिवशी मी स्वतः वर येईन, तोवर ती पिशवीतच राहू दे. ताईला नमस्कार.

तुझा
मामा