घरातला फ्रिज : आवाज कशाचा, बिघाड कशाचा?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की घरात एखादी मोठी वस्तू येते. पूर्वी बैलजोडी यायची, इंजिन यायचे. आता बहुतेक घरांत फ्रिजही आला आहे. दूध-भाजी त्यात असतेच, पण कुणाच्या घरी इन्सुलिन असते, तर कुणाकडे जनावरांची लस. तेव्हा फ्रिज बिघडला तर नुसते दूध नासत नाही. मिस्त्रीला बोलावण्याआधी आपण काय पाहावे आणि कशाला हात लावू नये, ते या पाठात सांगत आहोत.

फ्रिज चालतो कसा?

फ्रिज थंडी तयार करीत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. मोटेने विहिरीतले पाणी वर काढावे तसेच हे. मागे तळाशी काळा डबा असतो तो कॉम्प्रेसर. तो गॅस दाबतो. दाबलेला गरम गॅस मागच्या जाळीत किंवा बाजूच्या पत्र्याआडच्या नळ्यांत उष्णता सोडून पातळ होतो. तोच पुढे बारीक नळीतून फ्रीजरकडे गेला की उकळतो आणि आतली उष्णता ओढून घेतो. म्हणून जाळी किंवा बाजू गरम लागली तर घाबरू नये.

आवाजांची ओळख

१) बुडबुड किंवा झुळझुळ : नळ्यांतून गॅस फिरतो आहे. काळजी नको.

२) मधूनच 'कट्' : गारव्याने प्लॅस्टिक आकसते, त्याचा आवाज. हाही बिघाड नव्हे.

३) खडखड, थरथर : फ्रिज समपातळीत नाही, किंवा मागचा ट्रे वा नळी कशाला तरी लागते आहे. पुढचे पाय फिरवून फ्रिज समपातळीत आणा.

४) 'टक्', थोडी घरघर, पुन्हा 'टक्', असे दर काही मिनिटांनी : मोटर सुरू व्हायला धडपडते आहे आणि संरक्षक स्विच तिला तोडतो आहे. बहुधा व्होल्टेज कमी असते, नाहीतर रिले बिघडलेला असतो. लगेच बंद करा. असेच चालू ठेवले तर कॉम्प्रेसर जळू शकतो, आणि तो खर्च सर्वांत मोठा.

गारवा कमी का पडतो?

आधी दार उघडून आतला दिवा पाहा. दिवा नाही तर प्लग, फ्यूज, स्विच तपासा. दिवा मंद असेल तर व्होल्टेज कमी. साधा फ्रिज २३० व्होल्टवर चालतो. गावात पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडते. तिथे स्टॅबिलायझर लावावा. लाइट जाऊन आली की साध्या फ्रिजला पाच मिनिटे थांबून चालू करावे. नळ्यांतला दाब सारखा झाल्याशिवाय मोटरवर फार भार येतो.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर सैल आहे. कोमट साबणपाण्याने पुसा, तरी सैल राहिले तर बदला. मागची जाळी पाहा. गाळप हंगामात काजळी उडते, ती जाळीवर बसली की उष्णता बाहेर पडत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. फ्रिज भिंतीपासून वीतभर तरी दूर असावा.

भाजीच्या डब्याखाली पाणी साचत असेल तर आतले निचऱ्याचे भोक बुजले आहे. कोमट पाण्याने मोकळे करा. मागच्या ट्रेतले पाणी आठवड्याला ओता. त्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडू नका. सुरी नळीला लागली की गॅस गेलाच. साध्या फ्रिजमध्ये बर्फ वितळवण्याचे बटण दाबा.

“गॅस भरावा लागेल” असे मिस्त्री म्हणाला तर एक प्रश्न विचारा : गळती कुठे आहे? गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो. गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा जाणारच, आणि पैसेही. पाटीवर 'आर-६००ए' लिहिले असेल तर तो गॅस पेटणारा आहे. त्याची माहिती असलेल्या मिस्त्रीकडूनच काम करून घ्या.

लस आणि इन्सुलिन

लाळ्या-खुरकुताची लस व न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे. दारात नाही, फ्रीजरजवळही नाही, मधल्या कप्प्यात. गोठलेले वापरू नये. लाइट गेली तर दार उघडू नका. साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ गेली तर डॉक्टरांना विचारूनच वापरा.

सर्वांत महत्त्वाचे

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर “जरा करंट येतो” म्हणून सोडून देऊ नका. घरचा मेन स्विच बंद करा आणि वायरमनकडून अर्थिंग व वायर तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांत बसवू नका. ती पिनच अर्थिंगची असते. ओल्या हाताने, अनवाणी फ्रिज उघडणारी लहान मुले आपल्याच घरातली असतात.

हा पाठ घरात सर्वांना वाचून दाखवावा, आणि आजच आपल्या फ्रिजचा प्लग व अर्थिंग पाहून घ्यावे, ही विनंती.