शाळामास्तरापासून सुरुवात



होसे रिझाल या फिलिपिनो लेखकाची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये असून ती १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली. तिचा पुढचा भाग 'एल फिलिबुस्तेरिस्मो' १८९१ साली बेल्जियममधील गेंट येथे प्रसिद्ध झाला. फिलिपिन्समध्ये १९५६ च्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक १४२५ ने, म्हणजेच तेथे 'रिझाल कायदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, या दोन्ही कादंबऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आणल्या, आणि कॅथलिक धर्मसंस्थेने त्याला कडाडून विरोध केला. ज्या पुस्तकापायी एवढा वाद झाला, तेच वर्गात आले की 'चिकाटी' आणि 'शिक्षणाचे महत्त्व' अशा दोन मथळ्यांखाली गुंडाळले जाते. पहिल्यांदाच ही कादंबरी शिकवायला घेणाऱ्या अध्यापिकेने हे मथळे फळ्यावर लिहिण्याची घाई करू नये, कारण रिझालने कष्ट करणाऱ्याला यश मिळते असे कोठेही दाखवलेले नाही. कष्ट करणाऱ्याच्या वाटेत कोण आणि का उभे राहते, हे त्याने दाखवले आहे.

युरोपातून सात वर्षांनी परतलेला, सुशिक्षित आणि सधन क्रिसोस्तोमो इबार्रा हा नायक खरा, पण अध्यापनाची सुरुवात त्याच्यापासून न करता सान दिएगो या गावच्या शाळामास्तरापासून करावी. या मास्तराला लेखकाने नावही दिलेले नाही. त्याच्या पटावर दोनशेहून अधिक मुले आहेत, हजर मात्र पंचवीसच्या आसपास असतात. शाळेला स्वतःची इमारत नसल्याने वर्ग धर्मगुरूच्या निवासाच्या तळमजल्यावर, त्याच्या बग्गीशेजारी भरतो, आणि मुलांनी मोठ्याने धडा म्हटला की वरच्या मजल्यावरची शांतता भंगते, म्हणून ओरडा खावा लागतो. मास्तर स्पॅनिश शिकवू पाहतो, तेव्हा पाद्रे दामासो हा फ्रान्सिस्कन संघाचा धर्मगुरू त्याची जाहीर टर उडवतो. मास्तर वेताची छडी बाजूला ठेवतो, तर धर्मगुरूच नव्हे, खुद्द पालकही ती परत मागतात, आणि छडी परत आल्यावर मास्तर आजारी पडतो व उरलीसुरली हजेरीही ओसरते. बरा झाल्यावर तो स्पॅनिश पुस्तकांतला मजकूर तागालोग या लोकभाषेत उतरवून मुलांसमोर ठेवतो, तर नवा धर्मगुरू बजावतो की प्रार्थना आणि धर्मप्रश्नोत्तरी आधी तोंडपाठ व्हावी, बाकीचे मागाहून. कादंबरीतली चिकाटी शोधायची तर ती येथे आहे. ती हरत जाते, आपला आग्रह थोडा थोडा सोडत जाते आणि तरीही वर्ग बंद करत नाही. विद्यार्थ्यांना हे प्रकरण नीरस वाटण्याचा संभव आहे, कारण त्यात पाठलाग नाही आणि प्रेमप्रसंगही नाही. तरीही त्यावर इतर कोणत्याही प्रकरणापेक्षा अधिक वेळ खर्च करावा.

त्यानंतर इबार्राच्या वडिलांची कथा घ्यावी. एक निरक्षर स्पॅनिश करवसुलीदार शाळकरी पोरांच्या चिडवण्याने संतापून एका मुलावर हात टाकतो, इबार्राचे वडील डॉन राफाएल मध्ये पडतात, झटापटीत तो माणूस दगडावर आपटून मरतो, आणि एवढ्या निमित्तावरून त्यांच्यावर खुनाबरोबरच 'फिलिबुस्तेरो' असल्याचा, म्हणजे सत्तेविरुद्ध कट करणारा असल्याचा आरोप येऊन ते तुरुंगातच मरतात. अक्षरशून्य माणसाला पद मिळाले की त्याची शरम किती जीवघेणी होते, हे रिझालने कोणतेही भाष्य न करता मांडले आहे. इबार्रा शाळा बांधायला निघतो ते याच पार्श्वभूमीवर. गावातला वृद्ध विद्वान तासियो त्याला सत्ताधाऱ्यांपुढे मान तुकवून काम साधण्याचा सल्ला देतो; हा सल्ला शहाणपणाचा की भित्रेपणाचा, यावर वर्गात जरूर वाद होऊ द्यावा. पायाभरणीच्या दिवशी दगड उचलण्याची यारी कोसळते आणि इबार्रा थोडक्यात वाचतो, पण पुढे बनावट बंडाच्या आरोपात तो अडकतो आणि शाळा उभारणाऱ्यालाच परागंदा व्हावे लागते.

पहिल्या कादंबरीच्या अखेरीस इबार्राचा मरणासन्न साथीदार एलियास आई गमावलेल्या बासिलियो या मुलाला पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगतो आणि शिकायला सुचवतो. बहुतेक अध्यापक येथेच पुस्तक मिटतात, आणि त्यामुळे धडा गोड होतो. ते टाळून दुसऱ्या कादंबरीतली निदान तीन-चार प्रकरणे वाचून घ्यावीत. तेथे बासिलियो घरगडी म्हणून राबत शिकतो आणि वैद्यकाच्या पदवीच्या उंबरठ्यावर येतो. पण भित्तिपत्रकांच्या ज्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही त्यात तो पकडला जातो. ज्यांच्यामागे वजनदार नातेवाईक आहेत ते सुटतात आणि तो कोठडीत राहतो. त्याच्या सुटकेसाठी खटपट करताना त्याची वाग्दत्त वधू जुली प्राणाला मुकते, आणि इतकी वर्षे राजकारणापासून दूर राहिलेला हा अभ्यासू तरुण स्फोटाच्या कटात सामील होतो. त्याच कादंबरीत पदार्थविज्ञानाच्या तासाचे एक प्रकरण आहे. त्यात उपकरणे काचेच्या कपाटांत नुसती मांडलेली आहेत आणि प्लासिदो पेनितेन्ते हा विद्यार्थी अपमान सोसून सोसून अखेर वर्ग सोडून जातो.

हा वर्ग आणि बासिलियोची अटक ही प्रकरणे लागोपाठ वाचून घेतल्यावर विद्यार्थ्यांकडून एकच लेखी उत्तर मागावे: बासिलियोची चिकाटी नेमकी कोठे संपली, आणि ती तेथे संपण्यात त्याचा वाटा किती व त्याच्या महाविद्यालयाचा किती. उत्तरे एकसारखी आली, तर प्रकरणे वाचली गेली नाहीत असे समजून तास पुन्हा घ्यावा.