फुलकिड्यांची मोजणी

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी नामपूर हे गाव आहे. या भागात कांद्याचे पीक मोठे. कांद्याच्या कोवळ्या पातीच्या बेचक्यात फुलकिडे दडून बसतात. त्यांची लांबी जेमतेम १ मिलिमीटर. ते पात खरवडून रस शोषतात. त्यामुळे कांदा पोसत नाही.

शेतातील सारे किडे मोजणे कोणास शक्य आहे? म्हणून जाणता शेतकरी शेताच्या निरनिराळ्या भागांतील २० रोपे निवड न करता तपासतो. त्यांवर ६० किडे आढळले, तर सरासरी दर रोपास ३. शेतात १,००,००० रोपे असल्यास किडे सुमारे ३,००,००० ठरतात. केवळ रोगट रोपे तपासली, तर हा अंदाज फसतो.

उबदार, कोरड्या हवेत फुलकिड्यांची एक पिढी दोनतीन आठवड्यांत पुरी होते. समजा, प्रत्येक मादीमागे १० माद्या जगल्या. तर एकीच्या १०, मग १००, आणि तिसऱ्या पिढीत १०००! अडथळा नसल्यास लोकसंख्याही अशीच गुणाकाराने वाढते, असे माल्थस या इंग्रज विचारवंताने १७९८ साली मांडले होते.

मग सारे रान फुलकिड्यांनी का भरत नाही? जोराचा पाऊस त्यांना धुऊन नेतो, ढालकिडे त्यांना खातात, पात वाळली की अन्न संपते. मात्र घाईने विषारी औषध फवारल्यास ढालकिडेही मरतात आणि उरलेले फुलकिडे पुन्हा बेसुमार वाढतात.

म्हणून फवारणीपूर्वी मोजणी करावी, आणि ती दर आठवड्यास करावी. एका मोजणीने संख्या कळते. वाढ कळण्यास दुसरी मोजणी लागते.